तिसऱ्या बॅटरीचा नट

त्या वर्षी आठवड्यातले चार दिवस मी रुबीनाच्या घरी जेवत होते, तिच्या शेजारच्या गादीवर झोपत होते आणि तिच्यावर जळत होते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. पुढे बऱ्याच जणांनी मला विचारलं, तुम्ही दोघी एवढ्या घट्ट मैत्रिणी, मग तुमचं बिनसलं कशावरून? प्रत्येकाला मी काहीतरी वेगळं सांगितलं. इथे जे झालं तेच लिहिते.

आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज पेणच्या बाजूला. मी कासूजवळच्या आमच्या गावाहून स्टेशनवर चालत यायची. गाडी यायची तेव्हा रुबीना रोह्यापासून बसून आलेली असायची आणि माझ्यासाठी खिडकीची जागा अडवून ठेवायची. प्रोजेक्टसाठी आमच्या गटात तिसरा होता प्रशांत, हमरापूरचा. त्याच्या काकांचा गणपतीचा कारखाना होता, आणि विजेवर चालणारी गाडी बनवायची कल्पना त्याचीच. रंगवलेल्या मूर्ती शेडमधून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत न्यायच्या म्हणजे चौघांनी उचलून, अरुंद गल्लीतून, मधला चढ चढून. एखाद्याचा पाय घसरला की एक मूर्ती गेली. डिझेलच्या टेम्पोला गल्लीत वळायला जागा नाही, आणि त्याच्या हादऱ्याने बोटं, सोंड, मुकुटाची टोकं तडकतात. प्रशांत म्हणाला, आपण एक बुटकी, रुंद, हळू चालणारी बॅटरीची गाडी बनवू, न हादरता चढ चढणारी. आमचे गाईड म्हात्रे सर खूश झाले. म्हणाले, "मुलं स्पर्धेसाठी रेसची गाडी बनवतात. तुम्ही कोणाच्या तरी उपयोगाची बनवा."

हिशेब सगळा माझा होता. किती वजन, किती चढ, त्याला किती ताकदीची मोटर, बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या पुरतील का, एका चार्जिंगमध्ये किती फेऱ्या होतील, हे मी दोन वह्या भरून काढलं होतं. पहिल्या वर्षापासून वर्गात पहिली मी. त्यामुळे मी धरूनच चालले होते की ही गाडी माझी. बाकीचे दोघं मला मदत करतील.

कॉलेजची वर्कशॉप पाचला बंद व्हायची, म्हणून गाडी उभी राहिली रोह्याजवळ, नदीपलीकडच्या अष्टमी गावात, रुबीनाच्या आजोबांच्या दुकानात. दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. शेतावरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या आणि आजोबा त्यांचं वाइंडिंग नव्याने भरून द्यायचे. व्हार्निशचा वास दारातूनच सुरू व्हायचा. आजोबा हाताने फिरवायच्या यंत्रावर तांब्याची तार गुंडाळत बसलेले असायचे आणि वेढे मोठ्याने मोजायचे. कोणी बोलायला आलं तर डावा हात वर करून त्याला थांबवायचे, आकडा पुरा करायचे, मग "हां, बोल" म्हणायचे. आतून रुबीनाच्या अम्मी तांदळाची भाकरी थापायच्या त्याचा थप-थप आवाज यायचा. त्यांना मी खाला म्हणायची. त्यांच्या हातची नारळाच्या दुधातली कोलंबी मी अजून विसरले नाही, आणि सकाळी चहाबरोबर मिळणारी सांदणंही, वाफेवरची, गोड, बोटाने दाबली की परत फुगणारी. रुबीनाचे वडील कुवेतला. ते फोनच्या पडद्यावरून घरात यायचे, सगळ्यांशी बोलायचे, मग कोणीतरी फोन पाण्याच्या तांब्याला टेकून ठेवायचं आणि ते तिकडून आमचं जेवण बघत बसायचे.

त्या जेवणात बोलणं असायचं मोटारींचं. आजोबा रुबीनाला विचारायचे, "आज काय केलंस?" आणि तिने कंट्रोलरच्या तारा लावल्या म्हटलं की खालाही विचारायच्या, "ते गरम होतंय का गो जास्त?" आमच्या घरी असं कधी कोणी विचारलं नाही. आमच्या शेतात आधी भात आणि त्यानंतर वाल. बाबा शेतावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि विचारायचे ते एकच, "किती टक्के?" त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी सांगितलेल्या टक्क्यांवर ते महिनाभर सुखी असायचे. पण एकदा पत्रा कापताना माझ्या तळहाताला फोड आला तो मी मोठ्या ऐटीने आईला दाखवला, तर तिने त्यावर खोबरेल लावलं आणि म्हणाली, "असली कामं त्या पोराला देत जा गो. तू तुझं लिव." त्याच आठवड्यात रुबीनाचं बोट भाजलं होतं. तिच्या आजोबांनी ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "आता झालीस कारागीर." मी शेजारीच बसले होते. मी माझा फोड आलेला तळहात मिटून घेतला.

मला तिचा खरा राग आला तो मोटर पहिल्यांदा जोडली त्या दिवशी. म्हात्रे सर मुद्दाम अष्टमीला आले होते. बटण दाबलं तर मोटर नुसती थरथरत होती, फिरेना. मी वही काढली, पुस्तक काढलं, आकृती काढून कारणं लिहायला लागले. पाच-सहा कारणं तरी निघाली असतील. रुबीना खाली बसली, मोटरवर तळवा ठेवला, प्रशांतला म्हणाली, "परत दाब." तिने डोळे मिटले होते. मग उठून तिने दोन तारांची अदलाबदल केली आणि चाक फिरायला लागलं. इतकं गुळगुळीत, की फिरतंय हे कळायला त्यावर खडूची रेघ मारावी लागली. सर म्हणाले, "रुबीना, तुझ्या हाताला कान आहेत." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वैशाली, हे रिपोर्टमध्ये नीट लिहून काढ हं."

नीट लिहून काढ. माझ्या पाच-सहा कारणांत तिसरं तेच होतं. मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? त्या रात्री रुबीना मला म्हणाली, "तू एवढं सगळं डोक्यात कसं ठेवतेस गो? मला तर परीक्षेत काय आठवत नाय." ती मनापासून बोलत होती. मला वाटलं, ही मला चिडवते आहे. तिच्याबद्दल जे काही चांगलं होतं ते सगळं मला त्या दिवसांत टोचायचं: तिचं हसणं, तिच्या ओढणीला लागलेला ग्रीसचा डाग, पाना मागताना न बघता पुढे केलेला हात. पुढे मी मास्तरीण झाले, मुलांचे गट पाडले, प्रोजेक्ट करून घेतले. गटातलं एखादं पोर वहीकडे बघत गप्प बसलेलं दिसलं की मी त्याच्याकडे बघत राहते. काय बोलावं हे मला अजूनही कळत नाही.

मार्चमध्ये गाडी तयार झाली आणि टेम्पोतून हमरापूरला गेली. परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर पाठवाव्या लागतात, त्यामुळे काकांच्या शेडमध्ये तेव्हाच रंगकाम संपत आलेलं होतं. प्रशांतच्या काकी डोळ्यांची आखणी करायच्या. बारीक कुंचला घेऊन श्वास रोखून बसायच्या, आणि त्या बसल्या की शेडमध्ये कोणी बोलत नसे. तीन मूर्ती आमच्या गाडीवर चढवायच्या ठरल्या. दोन बिनरंगाच्या आणि एक पूर्ण झालेली, चार फुटी, दोन दिवसांनी बोटीवर चढायची. काकांची तयारी नव्हती. प्रशांतने हट्ट केला म्हणून ते "बघा बाबा" म्हणाले. म्हात्रे सर आले होते, शेजारच्या कारखान्यांतले पाच-सहा जण आले होते. गाडी चांगली चालली तर त्यांनाही हवी होती.

रुबीना सीटखालचं झाकण उघडून बॅटऱ्यांचे नट आवळत होती. प्रवासात ढिले होतात म्हणून शेवटचा हात. दोन झाले आणि तिचा फोन वाजला. कुवेतहून तिचे अब्बा. ती पाना हातात घेऊनच उठली, फोन गाडीसमोर धरला आणि म्हणाली, "अब्बा, बघा, ही माझी गाडी!"

माझी गाडी. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या दोन वह्या पिशवीत होत्या. तिने फोन प्रशांतकडे फिरवला, माझ्याकडे फिरवला, "ही वैशू, हिनेच सगळा हिशेब केला" असंही म्हणाली, ते मला नंतर आठवलं. त्या क्षणी मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. तिकडे काकांनी हाक मारली, "चला पोरांनो, ऊन चढतंय." रुबीनाने घाईघाईने फोन ठेवला आणि आली. चौथा नट आवळला, झाकण लावायला लागली. मला वरून स्पष्ट दिसत होतं. तिसऱ्या बॅटरीचा नट नुसता बोटांनी बसवलेला होता. त्याच्याखालचा स्प्रिंगचा वॉशर चपटा झाला नव्हता, त्याचं तोंड उघडं होतं. तिथून पुरा करंट गेला की ती जागा तापणार, हे मला तिच्यापेक्षा जास्त नेमकं माहीत होतं. आकडे माझ्याकडेच होते.

मी बोलले नाही. मूर्ती फुटावी असं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर गाडी बंद पडावी, रुबीनाने तळवा ठेवावा आणि तिला काही कळू नये. मग मी पुढे होऊन सांगणार होते. झाकण लागलं.

गाडी सपाटीवर सुंदर चालली. रुबीना पुढच्या छोट्या सीटवर बसून चालवत होती, लोक बाजूने चालत होते, काका पहिल्यांदाच हसले. चढाला लागली आणि मधोमध करंट तुटला. सीटखालून धुराची एक बट आली, गाडी मागे सरकली. रुबीनाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पण वरची चार फुटी मूर्ती थांबली नाही. दोर सरकला, प्रशांतने धरायला हात टाकला, आणि मूर्ती दगडावर आडवी झाली. फार मोठा आवाजही झाला नाही. रुबीना सीटवरून उतरली तेव्हा तिच्या सलवारीला मागे जळल्याचं भोक होतं.

काकी तुकड्यांपाशी बसल्या आणि त्यांनी पदराने मूर्तीचं तोंड झाकलं. काका रुबीनाला म्हणाले, "तुझा हात लागायलाच नको होता याला." सरांनी झाकण उघडलं. तिसऱ्या बॅटरीचं शिसं वितळून ओघळलं होतं. त्यांनी विचारलं, "हे नट कोणी आवळले?"

रुबीना म्हणाली, "मी, सर."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तुकडे गोळा करायला लागले.

त्यानंतरचे चार दिवस मी अष्टमीतच होते, कारण न जाण्याला काही कारण सुचेना. रुबीना बदलली होती. ती रडली नाही, कोणाला दोष दिला नाही. पण एक नट आवळला की ती परत जाऊन बघायची, तिथून उठायची आणि तिसऱ्यांदा बघायची. आजोबांनी, तिच्या दादांनी, एक साधी मोटर तिच्यापुढे ठेवली तर म्हणाली, "दादा, तुम्हीच करा." पाना मागायला हात पुढे करायची आणि अर्ध्यातच मागे घ्यायची. मला जे हवं होतं ते हुबेहूब माझ्यासमोर घडत होतं. मी त्याकडे बघत खालांच्या हातची भाकरी खात होते. खाला म्हणायच्या, "वैशू, तू समजाव गो तिला. तुझं ऐकते ती."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी सांगितलं. ठरवून नाही. ती दुकानात जमिनीवर बसून जुन्या तारा सोलत होती आणि मला म्हणाली, "मी आवळला होता गो तो नट. मला आवळल्यासारखं आठवतंय. मग माझ्या हाताला काय झालंय?"

"तू आवळला नव्हतास," मी म्हणाले. "फोन आला तेव्हा राहिला. मी बघितला होता."

"कधी?"

"झाकण लावायच्या आधी. वॉशर उघडा दिसत होता."

"मग सांगितलं का नाय?"

मला खोटं सुचत होतं, चांगलं सुचत होतं. पण तिने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणाले, "तू अब्बांना माझी गाडी म्हणालीस म्हणून."

आजोबांचं यंत्र थांबलं. आकडा पुरा न करता त्यांनी यंत्र थांबवलेलं मी तेव्हाच बघितलं. ते उठून आत गेले.

रुबीनाने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या गाडीवर मी बसले होते."

"हो."

"खालून धूर येत होता, आणि मी बसले होते." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि काका बोलले, तुझा हात लागायला नको होता. मला काय वाटलं माहिताय? मुसलमानाचा हात म्हणून बोलले. चार दिवस मी तेच ऐकतेय. अम्मीला पण सांगितलं नाय मी. तुला सगळं माहीत होतं आणि तू इथे बसून जेवलीस."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मला नको सांगूस. हमरापूरला जा. उद्या नाय, आज. सहाची गाडी मिळेल."

मी गेले. काका कॉम्प्रेसर लावून रंग मारत होते, त्यांनी तो बंद केला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते मला मारतील असं वाटलं, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्या पोरीला मी काय बोललो होतो?" काकी आखणीला बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझा हात लागायलाच नको होता, असं बोललात." काका म्हणाले, "अगं, मी शिकाऊ हात म्हणून बोललो. माझ्या मनात दुसरं काय नव्हतं." काकींनी कुंचला खाली ठेवला. "तुमच्या मनातलं तुम्हाला ठाऊक. तिने काय ऐकलं ते तिला जाऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी काका प्रशांतच्या मोटारसायकलवर मागे बसून पूल ओलांडून अष्टमीला आले. माझी पिशवी आणायला मीही तिथे गेले होते. ते दुकानातल्या स्टुलावर बसले आणि रुबीनाला म्हणाले, "पोरी, मी रागात बोललो. हाताचं बोललो, जातीचं नाय बोललो. पण तुला तसं लागलं, तर ते मीच बोललो. गाडी परत घेऊन ये. मूर्ती मी देतो." खालांना हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी रुबीनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकदाच. चहा आला तेव्हा त्यांनी मलाही कप दिला, साखर किती ते न विचारता, बरोबर मला लागते तेवढीच. तो चहा पिणं ही त्या सगळ्यातली सगळ्यात कठीण गोष्ट होती. मी पिशवी उचलली आणि निघाले. त्या घरी मी पुन्हा राहिले नाही. त्यांनी बोलावलं नाही असं नाही. ईदला निरोप यायचा.

सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी माझे प्रोजेक्टचे मार्क कापले आणि माझा पहिला नंबर गेला. घरी बाबांनी विचारलं, "किती टक्के?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढे कसे कमी?" मी त्यांनाही सगळं सांगितलं. ते अंगणात जाऊन बसले आणि जेवायला आले नाहीत.

एप्रिलमध्ये गाडीने सहा मूर्ती वर चढवल्या, एकीलाही ओरखडा नाही. चालवत रुबीना होती. मी मागून चालत होते, हातात लाकडाची पाचर घेऊन, गाडी मागे आलीच तर चाकाखाली टाकायला. ते काम तिनेच मला दिलं होतं. काकांनी तिला पहिल्या फेरीनंतर पाणी आणून दिलं आणि शेजारचे कारखानेवाले तिच्याभोवती जमले. मला वाटलं होतं, इतकं सगळं झाल्यावर आता मी मोकळी झाले असेन. नव्हते झाले. ते तिला नाव-गाव विचारत होते आणि मी पुन्हा तशीच जळत होते.

शेवटच्या पेपरच्या दिवशी पेण स्टेशनच्या बाकावर मी बसले होते. रुबीना आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मार्चनंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. गाडीला वेळ होता. समोरच्या फलाटावर एक बाई कलिंगडाच्या फोडी विकत होती. रुबीना दोन फोडी घेऊन आली आणि त्यातली एक माझ्यापुढे धरली. आम्ही खाल्लं, बिया रुळांवर टाकल्या.

मग समोर बघतच तिने विचारलं, "अजून जळतेस माझ्यावर?"

नाही म्हणणं सोपं होतं. तेवढ्याने सगळं मिटलंही असतं कदाचित.

"व्हय," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "मग बस माझ्याच डब्यात. नाय म्हणाली असतीस तर दुसऱ्या डब्यात गेले असते."